आवाहन : बाळाच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी

इंदूरमधील बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागण होऊ शकते. काहीच उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना ती होते. औषधं वेळेवर आणि न चुकता घेतली, तर हे प्रमाण 5 च्याही खाली येतं. तपासणी, आईची रोजची गोळी आणि बाळाचं औषध हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आपल्या एम. वाय. हॉस्पिटलमध्ये एआरटी केंद्रही (एचआयव्हीवरच्या औषधोपचारांचं केंद्र) आहे. मग मदत कशासाठी? बाळंतीण घरी गेल्यावर जे बिघडतं, त्यासाठी.

बाळाला जन्मल्यावर लवकरात लवकर नेव्हिरापिनचं, म्हणजे लागण टाळणारं, पातळ औषध सुरू करतात. अडीच किलोवरच्या बाळाला रोज एकदा 1.5 मिली, दोन ते अडीच किलोच्या बाळाला 1 मिली आणि त्याहून लहान बाळाला वजनाच्या हिशेबाने, किमान सहा आठवडे. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील, तर डॉक्टर मुदत वाढवतात किंवा जोडीला दुसरं औषध देतात. घरातला चहाचा चमचा साधारण 5 मिलीचा, म्हणजे तिपटीहून जास्त डोस! म्हणून बिनसुईची, 0.1 मिलीच्या खुणा असलेली 2 मिलीची सिरिंजच हवी. आत हवेचा बुडबुडा राहिला की औषध कमी जातं. धुऊन धुऊन खुणा पुसल्या जातात, म्हणून एका बाळाला एक सिरिंज पुरत नाही.

कृपया दुधाच्या पावडरचे डबे देऊ नका. भावना चांगली असते, पण डबा घरात आला की अंगावरचं आणि वरचं अशी दोन्ही दुधं सुरू होतात. वरच्या दुधाने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. मध, गुळाचं पाणी, बाळगुटी यांनीही तोच धोका. आईची गोळी नियमित असेल, तर सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यावं, पाणीसुद्धा नाही. हे आईला माहीत असतं. पटवावं लागतं ते आजीला आणि सासूबाईंना. त्यासाठी निमाडी, माळवी किंवा भिली बोलणाऱ्या ताई हव्या आहेत.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणीला पाठवतात. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची) लसही त्याच सुमारास असते, त्यामुळे एका फेरीत दोन्ही कामं होतात. इतर जंतुसंसर्ग टाळणारं को-ट्रायमोक्झॅझोल हे औषधही तेव्हाच सुरू होतं. पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासणी असते, अंतिम निदान अठराव्या महिन्यात. त्याआधीची साधी अँटिबॉडी चाचणी फसवते, कारण आईच्या अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) बाळाच्या रक्तात तोवर राहू शकतात. झाबुआ, अलीराजपूर किंवा बडवानीहून यायला बसभाडं नसलं की नेमकी हीच फेरी चुकते.

तेव्हा सिरिंजा, बसभाड्यासाठी रोख रक्कम, बाळंतिणीसाठी डाळ, शेंगदाणे, गूळ, तूप आणि आठवड्यातून एक दुपार, यांतलं जमेल ते द्या. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या आईला फाइल आणि पुरेशा गोळ्या बरोबर घेण्याची आठवण करणारे फोनही करायचे आहेत; ते काम घरबसल्या होतं.

कोणाला मदत पोचली, हे देणगीदारांना सांगितलं जाणार नाही आणि फोटो काढले जाणार नाहीत. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही ही गुप्तता बंधनकारक आहे. देणगीची पावती मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी मिळेल. सिरिंजा सीलबंद पाकिटातच आणाव्यात.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, रामबाग, इंदूर