पैसे मशीनमध्ये अडकले तर पाचव्या दिवसापर्यंत परत मिळायला पाहिजेत, हे एटीएमच्या दारावर मराठीत लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात ३ तारखेला माझी आत्या दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून दहा हजार काढायला गेली, पेन्शन जमा झाली होती. मशीनमधनं नोटा मोजल्याचा खरखर आवाज आला, मग स्क्रीन बंद पडली आणि मोबाईलवर पैसे कट झाल्याचा मेसेज आला, नोटा काय आल्या नाहीत. अर्धा तास ती तिथंच उभी राहिली की आता येतील मग येतील. दुसऱ्या दिवशी तिच्या बँकेत गेली तर काउंटरवर सांगितलं अर्ज देऊन जा, वेळ लागतो, महिनाभरानं चौकशीला या. घरी येऊन रडायलाच लागली, म्हणे माझ्याच हातनं कायतरी चुकीचं बटण दाबलं गेलं असणार.

मला याचा राग आला कारण मी स्वतः नऊ वर्षं एटीएममध्ये कॅश भरायचं काम केलंय, कस्टोडियन म्हणून, त्यामुळं आत काय होतं ते मला माहितीय. मशीनच्या खालच्या भागात तिजोरी असते, ती एकट्या माणसाला उघडत नाही, दोघं लागतात आणि दोघांकडं अर्धा अर्धा नंबर असतो. आत चार कॅसेट, एकेकीत दोन-अडीच हजार नोटा बसतात. मशीन एकेक नोट उचलतं, तिची जाडी तपासतं, दोन नोटा चिकटलेल्या असल्या किंवा नोट फाटकी असली तर ती बाजूच्या रिजेक्ट बिनमध्ये टाकतं आणि दुसरी घेतं. आत्याच्या वेळी काय झालं असणार तर नोटा मोजून वर येता येता मधेच अडकल्या, तोवर खात्यातनं पैसे वजा झालेले होते. अशा वेळी मशीन उलटा निरोप पाठवतं की पैसे दिले नाहीत, परत जमा करा, पण त्याच क्षणाला लाईन गेली तर तो निरोप पोचत नाही. एवढंच होतं. पैसे कुठं गायब होत नाहीत!

आणि मशीनकडं सगळ्याची नोंद असते, किती वाजता कार्ड घातलं, कुठल्या कॅसेटमधनं किती नोटा उचलल्या, कुठं अडकल्या, सगळं जर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, सेकंदासकट. आम्ही कॅश भरायला गेलो की आधी शिल्लक मोजायचो, जर्नलच्या आकड्याशी जुळवायचो, वीस नोटा जादा निघाल्या तर तो रिपोर्ट त्याच दिवशी बँकेला जायचा. म्हणजे बँकेला कळत असतं. मग म्हाताऱ्या माणसाला महिनाभरानं या असं का सांगायचं?

रिझर्व्ह बँकेचा नियम २०१९ पासून एकदम स्पष्ट आहे. पैसे कट झाले आणि नोटा आल्या नाहीत तर व्यवहाराच्या तारखेनंतर ५ दिवसांत बँकेनं स्वतःहून परत जमा करायचे, त्याच्यापुढं जितके दिवस उशीर तितके रोज १०० रुपये भरपाई, ती पण ग्राहकानं तक्रार करायची वाट न बघता. आत्याचे दहा हजार १६ तारखेला आले, म्हणजे आठ दिवस उशिरा. भरपाईचं कुणी नावच काढलं नाही, मी सोबत जाऊन दोन हेलपाटे घातले, नियमाची प्रिंट दाखवली, तेव्हा ८०० रुपये जमा झाले. ज्यांच्या घरात नियम माहीत असलेला कुणी नाही त्यांचं काय होत असेल?

लोकांना मशीनची भीती वाटते, पण मशीन तसं पक्कं आहे. आपण पिन दाबतो तो कीपॅडच्या आतच सांकेतिक होतो, पुढं वायरीतनं आकडे उघडे जात नाहीत आणि कीपॅड कुणी उचकटलं तर पिन सांकेतिक करायचे त्यातले गुप्त कोड आपोआप पुसले जातात. पूर्वीच्या काळ्या पट्टीच्या कार्डाची नक्कल निघायची कारण पट्टीवरची माहिती कधी बदलायची नाही, चिप दर व्यवहाराला नवीन कोड बनवते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, ९४ कोटी गेले, त्यात सुद्धा कुणी मशीन फोडलं नव्हतं. मशीन बँकेला विचारतं पैसे देऊ का, तर बँकेच्या जागी चोरांच्याच सिस्टीमनं "दे" म्हणून उत्तर दिलं आणि नक्कल कार्डांवर २८ देशांतनं पैसे निघाले.

आपल्यासारख्यांची फसवणूक मात्र बहुतेक वेळा मशीनच्या बाहेरच होते. द्या काका मी काढून देतो म्हणणारा पोरगा पिन बघतो आणि जाताना तसंच दिसणारं दुसरं कार्ड हातात देतो. नोटा बाहेर यायच्या फटीत पट्टी बसवतात, पैसे आले नाहीत म्हणून माणूस निघून गेला की काढून घेतात. म्हणून नोटा आल्या नाहीत तर तिथंच थांबून आधी आपल्या बँकेला फोन करा, आणि नंबर कार्डच्या मागचाच घ्या, भिंतीवर कुणी चिकटवलेला नको. कॅन्सल दोनदा दाबा म्हणजे पिन चोरीला जात नाही हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज खोटा आहे, त्याच्यावर विसंबू नका.

हे मशीन मुळात साध्या माणसासाठीच बनलंय. १९६७ ला लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेचं पहिलं मशीन लागलं, ते करणारे शेफर्ड-बॅरन, जन्म आपल्या शिलाँगचा, सहा आकडी पिन ठेवणार होते, पण बायको म्हणाली मला चारच आकडे लक्षात राहतात म्हणून चार झाले. एका बाईला लक्षात राहावं म्हणून तेव्हा आकडे कमी केले आणि आज आमच्या आत्याला कळेल असा एक कागद भिंतीवर नाही.

माझी सगळ्या बँकांना विनंती आहे, प्रत्येक एटीएममध्ये ठळक मराठीत लावा: पैसे आले नाहीत तर ५ दिवस, नंतर रोज १०० रुपये, बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ नंबर, आणि खाली त्या मशीनचा आयडी, कारण तक्रार लिहिताना तोच मागतात आणि तो लोकांना सापडत नाही.

आपला,
एक जुना कस्टोडियन, कराड