पावसाआधी तंबोऱ्याच्या तारा उतरवा

मिरज,
९ जून

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख कळली. मी आदल्या दिवशी सकाळी बडोद्यात पोचते आणि पुढचे दहा दिवस घरीच आहे, हे पक्कं धरा. शेजारच्या काकूंना सांगून ठेवायची गरज नाही. हे मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून बाबांच्या मनात येईल की हिला आता घराचं काही राहिलं नाही. तसं नाही.

पुण्याच्या कंपनीला मी नाही म्हणून कळवलं आहे. एम. टेक.चा प्रबंध महिनाअखेरीस जमा होईल आणि त्यानंतर दोन वर्षं मी मिरजेत, तंबोरे घडवणाऱ्या चाचांच्याच कारखान्यात, तंबोऱ्याचं काम शिकणार आहे. निर्णय झालेला आहे. फोनवर सांगितलं असतं तर बाबांचा आवाज चढला असता आणि आई गप्प झाली असती, आणि तिचं गप्प होणं मला सोसत नाही. म्हणून पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि आई, तू अर्ध्यात उठून स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

पैशांचं आधी सांगते. माझ्या फीसाठी काय काय मागे पडलं, तुझ्या पाटल्यांचं काय झालं, सगळं मला ठाऊक आहे. कर्जाचा हप्ता माझ्याच खात्यातून जाणार, तुमच्या पेन्शनला हात लागणार नाही. सांगलीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत अर्धवेळ काम ठरलं आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक तंबोरे दुरुस्तीला येतात. बहुतेकांचं दुखणं ठरलेलं असतं: अडॅप्टरच्या सॉकेटचा सोल्डर तुटलेला, सेल आतच फुटून पत्र्यांवर हिरवा क्षार साचलेला, नाहीतर आवाजाच्या बटणात धूळ जाऊन खरखर. त्यात खोलीभाडं निघतं. पुण्याचा पगार यापेक्षा कितीतरी जास्त होता हे मी नाकारत नाही. पण तिथे मी मोबाइलच्या चार्जरची तपासणी केली असती, आणि ते करायला माझ्यासारखी पुष्कळ मुलं आहेत. जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा आवाज जिच्यामुळे येतो ती घोडीची घासणी, मोजायला बसणारं इथे कुणी नाही.

बाबा, हे तुम्हाला सविस्तर सांगते, कारण पहिला सोल्डर धरायला मला तुम्हीच शिकवलंत. तंबोऱ्याची तार घोडीवर, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या हाडाच्या पट्टीवर, एका बिंदूवर टेकत नाही. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार हलते तशी ती त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर फुटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. एरवी तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटायला नकोत, पण तंबोऱ्यात ते स्वच्छ ऐकू येतात. सगळी करामत त्या उताराची. उतार बेताचा हवा. थोडा जास्त घासला गेला तर तार झणझणते आणि स्वर पातळ होतो. कमी राहिला तर जवारी बंद, आवाज लाकडासारखा. चाचा कानशीचे दोन हात मारतात, पॉलिश पेपर फिरवतात, तार चढवतात, ऐकतात, पुन्हा उतरवतात. हे त्यांच्या कानात आहे, कागदावर कुठेच नाही. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली आहेत.

माझ्या प्रबंधात मी हा उतार डायल गेजने ०.०१ मिलीमीटरपर्यंत मोजते. गेजचं टोक गोल लागतं. अणकुचीदार असेल तर हाडाच्या घोडीवर ओरखडा उठतो, तार त्यात अडकते आणि चिरकते. प्रत्येक घासणीनंतर आकडे टिपायचे आणि त्याच वेळी आवाज घ्यायचा. कारखान्यात दिवसभर रंधा चालू, त्यामुळे साधा माइक उपयोगाचा नाही. घोडीला लागून तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, कंप टिपणारी २७ मिलीमीटरची पितळी पिझो चकती बसवते. ती थेट लॅपटॉपला जोडली तर खरज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, हरवतो. का, ते तुम्हीच काढाल: चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, समोर इनपुट १० किलोओहमचा धरला तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं दबतं. आई गाते त्या ‘काळी चार’ पट्टीचा षड्ज २०८ हर्ट्झवर आणि खरज १०४ वर. मध्ये टीएल०७२ या चिपचा छोटा प्रीॲम्प टाकून इनपुट १ मेगाओहम केला की मर्यादा ८ हर्ट्झवर येते आणि अख्खा तंबोरा हाती लागतो. वीज ९ व्होल्टच्या बॅटरीची, लॅपटॉपचा चार्जरही काढलेला, नाहीतर ५० हर्ट्झची घरघर येते. चकती मेणाने चिकटवायची. फेविक्विकने पॉलिश उखडतं आणि फोमची टेप वरचे उपस्वर खाऊन टाकते. नेमके तेच ऐकायचे असतात.

याचा उपयोग काय, तर परगावच्या गवयाची घोडी झिजली की त्याला सबंध तंबोरा मिरजेला पाठवावा लागतो, आणि वाटेत भोपळा तडकायची भीती. उताराचं माप हाती असेल तर नवी घोडी जवळपास तयार करून पाठवता येईल, मग तिथे शेवटचा हात फिरवायला जाणता माणूस पुरे. एवढं जरी दोन वर्षांत जमलं तरी मला हवं ते मिळालं.

आता बाबांचं ते वाक्य. “हे आपल्यातल्या मुलींचं काम नाही.” तुम्ही रागात नव्हता, काळजीने बोललात, हे मला कळतं. पण ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून उत्तर देते. मिरजेत हा धंदा सुरू केला तो फरीदसाहेबांनी, एकोणिसाव्या शतकात. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. तलवारींचं काम आटलं तेव्हा मिरजेचे संस्थानिक पटवर्धन सरकार यांच्या आश्रयाने तेच हात तंबोऱ्याकडे वळले. म्हणजे त्यांच्याही घरचं हे पिढीजात काम नव्हतंच. अब्दुल करीम खाँसाहेब एवढे मोठे गवई, पण वाद्यांची दुरुस्ती स्वतः करायचे, जवारीत त्यांचा हात धरणारे थोडे. ते बडोद्याच्या दरबारात होते, तिथून ताराबाईंबरोबर बाहेर पडले आणि पुढे मिरजेला आले. त्या दोघांची मुलगी, गायिका हिराबाई, जन्मल्या मिरजेत, १९०५ मध्ये, आणि आयुष्यभर नाव लावलं बडोदेकर. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल तर डेप्युटी कलेक्टर. खाँसाहेबांना गायला लावून त्यांनी श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, मोजल्या, १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं, क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटी घडवली. त्या पेटीवर वाद कुठे झाला? आपल्या बडोद्यात, १९१६ च्या संगीत परिषदेत. गवयांना ती पटली नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं, कारण मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीत बसत नाही. पण मोजायला बसलेला माणूस मला फार जवळचा वाटतो.

बडोद्याच्या शाळेत मी मराठी म्हणून वेगळी, इथे माझं बोलणं ऐकून दुकानदार विचारतात, गुजरातच्या का. हे मला पूर्वी टोचायचं. तुम्हालाही ते ठाऊक आहे, आजोबा दांडिया बाजारच्या घरात कुठल्या भाषेत रागवायचे ते मी विसरलेले नाही. कारखान्यात मात्र हा विषय निघतच नाही. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तूनच्या झाडाचं, घडवणारे शिकलगार. वाद्य न्यायला धारवाडकडचे गवई येतात आणि दिंडीतले वीणेकरीही. मुलगी पाटावर बसून कानस चालवते याचं नवल काही जणांना वाटतं, ते मी लपवत नाही. चाची दुपारी शेजारी येऊन बसते, चहा देते, आणि मग कुणी काही बोलत नाही.

खोलीची काळजी करू नका. खाली निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको राहतात, दाराला आतून दोन कड्या आहेत, पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. पिण्याचं उकळून घेते. डबा दोन वेळचा: भाकरी, एक भाजी, आमटी, भात. इथलं तिखट जास्त असतं, पण डबेवाल्या मावशी माझ्यासाठी वेगळी वाटी काढतात. भाकरीवर तूप घेते, हो, रोज. रात्री आठनंतर कारखाना बंद, मी त्याआधीच घरी असते. गाण्याची शिकवणी शनिवार-रविवार सकाळची. आजारी पडलेच तर मिरज दवाखान्यांसाठीच ओळखली जाते, सांगलीपासून कर्नाटकापर्यंतचे लोक इथे उपचारांना येतात. आणि बंगळुरूकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याहून थेट मिरजेला येतात, गाडी बदलावी लागत नाही. ऑपरेशन होऊन डोळा ठीक झाला की दिवाळीनंतर दोघंही या. खालची एक खोली तुमच्यासाठी विचारून ठेवली आहे, जिना चढायला नको.

आई, तुला आठवतं, मला ताप आला की तू आजीचा तंबोरा घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसायचीस? गायची नाहीस, नुसता छेडत राहायचीस. मला अजून ताप आला की तोच आवाज हवासा वाटतो.

त्या तंबोऱ्याचंच आता सांगायचं आहे. पाऊस बडोद्यात पोचायच्या आत हे करून टाका, आणि ऑपरेशनच्या आधीच, कारण नंतर काही आठवडे बाबांनी वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही. चारही तारा पूर्ण सोडू नका. घोडी तारांच्या दाबावर उभी आहे, सगळा ताण गेला की जागची सरकते. आधी घोडीच्या पायांशी तबलीवर कागदी टेप लावून पेन्सिलने खूण करा, मग एकेक तार दोन-तीन स्वर खाली उतरवा. तंबोरा माळ्यावर नको, तिथे उन्हाने तापतं. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल धरते. आतल्या खोलीत, भोपळ्याखाली कापडाची चुंबळ, वर सुती गवसणी. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत वाफ कोंडते आणि सांधे सुटतात. आठवड्यातून एकदा गवसणी काढून भोपळ्याखाली बघायचं. पिवळट भुसा दिसला तर कीड लागली आहे, लगेच मला फोटो पाठवा, स्वतः औषध मारू नका.

खुंटी सरकत असेल तर ती बाहेर काढून तिला साधा पांढरा खडू चोळा, अडकत असेल तर किंचित कोरडा साबण. हातोडीने ठोकू नका. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे.

गायला घ्याल तेव्हा आधी पंचम, मग जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, शेवटी खरज. तारेत ओवलेला मणी मधोमध ठेवून खुंटीने जुळवा आणि बारीक फरक मण्याने काढा. चारही तारा जुळल्यावरच धागा. आधी लावला तर तार ताणताना जवारी पुन्हा बदलते. बोटभर सुती धागा तारेखाली घोडीवर घालायचा आणि तार छेडत केसाकेसाने मागे-पुढे सरकवायचा. एका जागी आवाज एकदम फुलतो, तिथेच सोडायचा. प्रत्येक तारेची जागा वेगळी. चौथ्या तारेला जरा जाड धागा चालतो.

आता औषधं. आई, रक्तदाबाची गोळी जेवणानंतर आठवली तर घेते, हे बंद. सकाळी चहाच्या कपाशेजारी डबी ठेव. गुडघ्याचे व्यायाम पलंगावर बसून करता येतात, फिजिओथेरपिस्टने कागद दिला आहे, तो फ्रिजवर लाव. बाबा, साखर ताब्यात नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, त्यामुळे तोवर शेव-उसळीची गाडी बंद. आईला सांगून नाही, मला सांगून बंद. डोळ्याचे थेंब मी आल्यावर घड्याळ लावून घालीन.

तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण अबोला धरू नका. दर रविवारी संध्याकाळी मी फोन करते तसाच करणार. आणि माझी ती निळी पेटी, जुन्या रेडिओच्या सुट्या भागांची, ती कुणाला देऊ नका. येताना घेऊन जाईन, त्यातला मल्टिमीटर मला लागतो.

पार्सलमध्ये तारांचा एक संच पाठवला आहे. तीन पोलादी, एक पितळी. पितळी ती खरजाची. बसवू नका, मी आल्यावर बसवीन.

तुमची,
मनू

ता. क. सुती धाग्याचं रीळही त्याच पार्सलमध्ये आहे. आई, शिवणाच्या डब्यातला पॉलिस्टरचा धागा वापरू नकोस, तो गुळगुळीत असतो आणि तार हलली की जागचा निसटतो.