मास्तरांचं कॉलेज

अमळनेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे मूळचं मास्तर घडवायचं कॉलेज, हे तू परवा फोनवर जरा दबक्या आवाजात सांगितलंस. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बापाला सांगायला आवाज कशाला दाबायचा? मी सगळा इतिहास वाचून काढला.

खरी गंमत 1885 सालची. ॲरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जा नव्हता, तो मिळाला 1912 मध्ये. प्रेस्कॉटला विधिमंडळ भरलं आणि कोणत्या गावाच्या पदरात काय पडणार यावरून ओढाताण सुरू झाली. जिल्ह्याचं ठिकाण कुठे व्हावं यावरून आपल्याकडे होते तशीच. प्रेस्कॉटने राजधानी राखली. फिनिक्सला मिळालं वेड्यांचं इस्पितळ, त्याला 1 लाख डॉलर. हसू नकोस, तेव्हा मोठा घास तोच होता. टूसॉनला 25 हजार डॉलर आणि विद्यापीठ. पण त्यांना हवी होती राजधानी. त्यांचा प्रतिनिधी विद्यापीठ घेऊन परतला तर लोकांनी म्हणे त्याच्यावर अंडी आणि सडकी भाजी फेकली. विद्यापीठाला जागा मिळेना. शेवटी दोन जुगारी आणि एका दारूच्या गुत्तेवाल्याने 40 एकर दिली. आणि तुझ्या टेंपीच्या वाट्याला आलं नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज. रक्कम 5 हजार.

टेंपीने मात्र ते हौसेने मागून घेतलं होतं. गावचे चार्ल्स हेडन यांची सॉल्ट नदीवर नाव चालायची, पिठाची गिरणी होती, आणि तरुणपणी त्यांनी स्वतः मास्तरकी केलेली. गावोगाव शाळा निघतील, पण शिकवायला माणसं कुठून आणायची, हे त्यांना कळत होतं. जॉन आर्मस्ट्राँग या आमदाराने विधेयक मांडलं. विल्सन नवराबायकोने गुरं चारायचं 20 एकर रान दिलं. 8 फेब्रुवारी 1886 ला चार खोल्यांच्या इमारतीत 33 विद्यार्थी येऊन बसले. हायरम फार्मर हे प्राचार्य, आणि शिकवणारेही तेवढे एकच. एकशिक्षकी शाळा कशी चालते ते मला विचार! हेडन यांचा मुलगा कार्ल त्याच शाळेत शिकला आणि पुढे 1912 पासून 1969 पर्यंत अमेरिकेच्या संसदेत बसला.

आपल्याकडे उलटी गंगा. 2000 नंतर डी.एड. कॉलेजं खिरापतीसारखी वाटली गेली, भरती थांबली तशी रिकामी पडली आणि कितीतरी बंद झाली. शिक्षक हवेत म्हणून ती निघाली नव्हती, परवानगी मिळाली म्हणून निघाली होती. माझ्या हाताखालून गेलेली हुशार पोरं डी.एड. करून आज दुकानात बसतात. असो, हा विषय काढला की माझं बीपी वाढतं, असं तुझी आई म्हणते.

तुमच्याकडे 1925 मध्ये नॉर्मल स्कूलचं टीचर्स कॉलेज झालं. 1945 मध्ये नावातून ‘टीचर्स’ गेलं आणि नुसतं ॲरिझोना स्टेट कॉलेज उरलं. हे मला आवडलं नाही, पण इंजिनियरिंग वगैरे काढायचं तर त्यांचाही नाइलाज असेल. ‘युनिव्हर्सिटी’ म्हणवून घ्यायला टूसॉनवाल्यांचा विरोध. मग विद्यार्थ्यांनी सह्या गोळा केल्या, प्राचार्य ग्रेडी गॅमेज राज्यभर हिंडले आणि 1958 मध्ये प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. ठराव क्रमांक 200. विरोधकांनी तर कॉलेजच्या मैदानातलं गवत जाळून ‘नो 200’ लिहून ठेवलं. तरी सुमारे दोनास एक मतांनी ठराव पास. जळगावचं आपलं विद्यापीठ 1990 मध्ये सरकारने स्थापन केलं, तेव्हा मतदान कोणी मागितलं नव्हतं. पुढे 2018 मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, ज्या कधी शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यामुळे कुठल्या विद्यापीठाचं मूळ कुठे, यावर कोणी नाक मुरडलं तर मला फोन लावून दे.

ओल्ड मेन ही 1898 ची इमारत अजून उभी आहे म्हणे. तिच्या पायऱ्यांवरून 1911 मध्ये थिओडोर रूझवेल्ट बोलले होते. तिथला एक फोटो काढून पाठव, त्यात तूही दिसायला हवीस. तुझ्याकडचं ऊन आपल्या मे महिन्यासारखंच, तेव्हा रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. आईने कळण्याच्या पिठाची पिशवी भरून ठेवली आहे, तिकडे येणारं कोणी असेल तर कळव.

तुझे
आबा