आम्स्टेलची शर्यत आणि यवतेश्वरचा घाट

मास्ट्रिख्ट, ३० एप्रिल २०१९

ती. दादास साष्टांग नमस्कार.

फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा हे तुला नीट लिहावंसं वाटलं. ईस्टरच्या रविवारी, २१ तारखेला, आम्स्टेल गोल्ड रेस ही सायकलची शर्यत बघायला बेमेलनच्या चढावर गेले होते. शर्यत आमच्या गावच्या चौकातूनच सुटते. २६५ किलोमीटर, पस्तीस चढ. आपल्या घाटांपुढे ही नुसती टेकाडं, पण रस्ते पाणंदीसारखे अरुंद.

फ्रान्सचा अलाफिलिप आणि डेन्मार्कचा फुग्लसांग हे दोघं आधी आले, इतक्या जवळून की धाप ऐकू आली. मागून पोलंडचा क्व्यातकोव्स्की एकटा. मग बऱ्याच वेळाने, मोजक्या जणांबरोबर, इथल्यांचा लाडका वान डेर पूल. शेजारचे आजोबा त्याच्यासाठी ओरडले आणि लगेच घडीची खुर्ची मिटायला लागले. फक्त सात किलोमीटर उरले होते, आता काय होणार!

पुढचं फोनवर पाहिलं. पुढच्या त्या दोघांनी वेगच सोडला. पुढचा वारा फोडतो आणि मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो, हे तुला मी काय सांगू? अलाफिलिप स्प्रिंटला, म्हणजे शेवटच्या जोरदार मुसंडीला, सरस. मार्चमध्ये इटलीत त्याने याच फुग्लसांगला शेवटी मागे टाकलं होतं. मग त्याला ओढत नेऊन फुग्लसांगने पुन्हा हरायचं कशाला? आणि अलाफिलिपने तरी आपले पाय का झिजवायचे? दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर होता, फक्त त्यात तिसरा धरलेला नव्हता. आधी क्व्यातकोव्स्कीने गाठलं, आणि पाठोपाठ वान डेर पूल सगळ्यांना मागे घेऊन आला. तो कुणाच्या आडोशाला थांबला नाही. पुढूनच स्प्रिंट सुरू केली आणि जिंकला! फुग्लसांग तिसरा, अलाफिलिप चौथा. १९९० साली वान डेर पूलच्या वडिलांनी हीच शर्यत जिंकली होती. आजोबांनी खुर्ची टाकून माझा हात घट्ट धरला.

मला तुझी यवतेश्वरची शर्यत आठवली. तू आणि तो वाईचा मुलगा वर पोचून एकमेकांकडे बघत राहिलात आणि मागचा निघून गेला. 'माझे पाय कमी पडले' असं तू आजही म्हणतोस. नाही रे दादा, पाय कमी पडले नव्हते. जगातल्या दोन उत्तम सायकलपटूंचंही तिथेच चुकलं.

त्यानंतरच्या बुधवारी दुसऱ्या एका शर्यतीत फुग्लसांग पुन्हा अलाफिलिपच्या मागे, दुसरा. पण परवा बेल्जियममधल्या लिएजच्या शर्यतीत शेवटच्या चढानंतर सगळ्यांना सोडून तो एकटाच निघाला. ओल्या उतारावर मागचं चाक घसरलं, माझ्या काळजात धस्स झालं. त्याने कसंबसं सावरलं आणि एकटाच शेवटची रेषा ओलांडली.

तुझी सायकल माळ्यावरच आहे ना? टायरचा आकार कळव, जुलैत येताना घेऊन येते. आई-बाबांना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझी,
सुमा