तक्रार पत्र: काढून घेतलेली जुनी हार्ड डिस्क परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्पष्ट नकार देऊनही नादुरुस्त डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग केल्याबद्दल तक्रार व मूळ डिस्कची मागणी.

संदर्भ: सेवा केंद्राची जॉबशीट, तुमची ईमेलवरची दोन उत्तरे.

महोदय / महोदया,

लॅपटॉप माझ्या हातून पडला. चार्जरच्या वायरीत पाय अडकला आणि तो टेबलावरून खाली येऊन डाव्या कोपऱ्यावर आपटला. चूक माझी. हे आधीच लिहून टाकते, कारण तुमच्या दोन्ही उत्तरांत 'भौतिक नुकसान वॉरंटीत बसत नाही' यापलीकडे काही नाही. बसत नाही, मान्य. बसवा असे मी म्हटलेलेच नव्हते. नवी डिस्क मी पैसे मोजून घेतली, पावती सोबत आहे. लॅपटॉप पडल्यानंतर तुमच्या सेवा केंद्राने जे केले, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

पडला तेव्हा लॅपटॉप चालू होता, एक मोठे फोल्डर कॉपी होत होते. म्हणजे डिस्कचे हेड (मजकूर वाचणारी-लिहिणारी टोके) बाजूला जाऊन विसावलेले नव्हते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत होते. स्क्रीन शाबूत, कीबोर्ड शाबूत, बिजागरीजवळ फक्त एक चीर. थोडक्यात निभावले असे वाटले. मग एक फाइल उघडायला गेले आणि आतून आवाज आला. टक्, टक्, टक्, मग लांबलचक घरघर, पुन्हा टक्. फाइल उघडली, पण एरवी क्षणात उघडणाऱ्या त्या फाइलने तीन-चार मिनिटे घेतली.

मी डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, काढली. वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या लहान कप्प्यांचा) आकडा ४० होता. फोनवर त्या पडद्याचा फोटो घेतला. वीस मिनिटांनी पाहिले तर ११२. तोही फोटो घेतला आणि लॅपटॉप बंद केला. आकडा वाढतो आहे म्हणजे बिघाड पसरतो आहे, आणि अशी डिस्क जितका वेळ फिरेल तितके उरलेलेही हातचे जाण्याची भीती, एवढे मला कळत होते. पुढचे काम माझ्या आवाक्यातले नव्हते, म्हणून तुमच्याकडे आले.

येताना एक चिठ्ठी लिहून आणली होती. तिची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मजकूर असा: 'लॅपटॉप पडला आहे. डिस्क आवाज करते. डिस्कवर काहीही लिहू नये, दुरुस्ती करू नये, विंडोज टाकू नये. जमत असल्यास आधी पूर्ण डिस्कची प्रत काढावी. जमत नसल्यास हात न लावता परत द्यावी.' काउंटरवरच्या मुलाने ती वाचली, 'हो मॅडम' म्हणाला, आणि जॉबशीटला स्टेपल केली. त्याच जॉबशीटवर त्याने तक्रारीच्या रकान्यात लिहिले: 'स्लो चालतो. चेक करणे.'

आता तीच जॉबशीट पाहा. 'डेटा बॅकअप हवा का' या ओळीत 'नाही'समोर खूण आहे. माझी सही निळ्या शाईत आहे, ती खूण काळ्या. सही करताना तो चौकोन कोरा होता. कोणी केली, केव्हा केली, मला ठाऊक नाही. पण माझ्या चिठ्ठीतील मजकुराच्या बरोबर उलट असलेली ही खूण माझ्या नावावर खपवली जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंत्रज्ञाचा फोन आला. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. म्हणाला, 'रात्री चेकडिस्क लावून ठेवलं होतं, बॅड सेक्टर रिपेअरला. सकाळी बघितलं तर २७ टक्क्यांवर अडकलेलं. रिस्टार्ट केलं, आता डिस्क दिसतच नाहीये.' चिठ्ठीबद्दल विचारले तर म्हणाला, 'चिठ्ठी वर होती, लॅपटॉप माझ्याकडे खाली आला.'

गळक्या छपराखालून आधी सामान हलवायचे असते, मग कौले शाकारायची. चेकडिस्क हे विंडोजमधले डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन उलटे करते. ते फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची मांडणी, दुरुस्त करायला निघते, म्हणजे डिस्कवर लिहिते. आणि खराब जागांची झडती घेताना सगळी डिस्क पालथी घालते, वाचता न येणाऱ्या जागी पुन्हा पुन्हा धडका देत. धडधाकट डिस्कवर हे चालून जाते. हेड दुखावलेल्या डिस्कवर रात्रभर लावून ठेवणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिने चढवून बघणे. याउलट डीडीरेस्क्यूसारखे साधन, तेही फुकट मिळणारे, मूळ डिस्क फक्त वाचते. सहज वाचता येणारे भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवते, अडणारी जागा ओलांडून पुढे जाते, कुठवर आलो याची नोंद ठेवते आणि खराब जागांकडे शेवटी वळते. हेड फारच बिघडले असतील तर तेही लावू नये, डिस्क थेट डेटा रिकव्हरी लॅबकडे द्यावी. 'जमत नसल्यास परत द्यावी' हे वाक्य मी त्यासाठीच लिहिले होते.

तुमच्याकडे न येताही ती डिस्क बंद पडली असती का? पडलीही असती. तुमच्या त्या रात्रीनेच ती गेली असे मी सिद्ध करू शकत नाही, तसा दावाही करत नाही. पण ती कशी हाताळायची हे ठरवण्याचा अधिकार माझा होता आणि तो मी कागदावर बजावला होता.

(तुमच्या हेल्पलाइनवरून मला 'डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवून बघा' असाही सल्ला मिळाला. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते. हा सल्ला तुमच्या लेखी सूचनांत असेल तर कृपया आजच काढून टाका.)

यानंतरची गोष्ट मला अधिक खटकते. लॅपटॉप परत मिळाला, त्यात नवी डिस्क होती. जुनी मागितली तर उत्तर आले, 'बदललेला भाग कंपनीची मालमत्ता होतो.' वॉरंटीत फुकट बदलून दिला असता तर हे मी ऐकून घेतले असते. पण वॉरंटी नाही म्हणून नव्या डिस्कचे पूर्ण पैसे माझ्याकडून घेतलेत. मग जुनी तुमची कशी झाली? पैसे भरताना मी वॉरंटीबाहेर आणि डिस्क ठेवून घेताना वॉरंटीच्या आत, असे दोन्हीकडून कसे चालेल?

मी भाषांतराचे काम करते. त्या डिस्कवर सहा आठवड्यांचे काम आहे. शेवटचा बॅकअप त्याआधीचा, हा दोषही माझाच. पण तिच्यावर माझ्या ग्राहकांची कागदपत्रेही आहेत, आणि ती कोणाच्या हाती पडू देणार नाही असे मी त्यांना लिहून दिले आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती. बंद पडलेली डिस्क म्हणजे रिकामी डिस्क नव्हे. तबकड्यांवरचा मजकूर तसाच असतो, योग्य हातांत गेली तर वाचताही येतो. ती सध्या कोणत्या कपाटात, कोणत्या खोक्यात पडली आहे, हे तुमच्या सेवा केंद्राला दोनदा विचारूनही सांगता आलेले नाही.

म्हणून माझे मागणे असे की, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तीच डिस्क मला परत द्यावी. तिचा अनुक्रमांक माझ्या दोन्ही फोटोंत दिसतो, तो जुळवूनच मी ती घेईन. 'तशीच दुसरी' चालणार नाही. तिच्यावर कोणती साधने, किती वेळ चालवली आणि झाकण उघडले होते का, हे लेखी कळवावे. झाकणाचे उत्तर मला विशेष हवे आहे, कारण साध्या खोलीतल्या हवेत डिस्क उघडली गेली असेल तर ते लॅबला आधीच सांगावे लागेल. नव्या डिस्कचे पैसे मी परत मागत नाही. तपासणी शुल्क मात्र परत करावे, कारण मी नको म्हटलेल्या तपासणीचे ते आहे.

लॅबशी माझे बोलणे झाले आहे. डिस्क पाहिल्याशिवाय ते काही सांगणार नाहीत, पण मध्ये कोणी ती पुन्हा चालवू नये असे त्यांनी बजावले आहे. तेव्हा अँटिस्टॅटिक पिशवीत, फोममध्ये गुंडाळून ती पाठवा, आणि माझ्या हाती पडेपर्यंत 'एकदा लावून बघू' म्हणूनसुद्धा कोणी तिला वीज जोडू नये.

आपली,
एक ग्राहक

सोबत: जॉबशीट, चिठ्ठी व पावतीच्या प्रती, स्मार्ट नोंदीचे दोन फोटो.