हाडांची गोळी आणि दुधाचा पेला

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील हाडांच्या ठिसूळपणावरील लेख वाचला. औषध आणि कॅल्शियम एकमेकांना पूरक आहेत, हे लेखकाचे म्हणणे खरेच आहे. परंतु दोन्ही एकाच वेळी पोटात जाता कामा नयेत, हे सांगायला पानभर मजकुरात एका ओळीचीही जागा मिळू नये, याचे आश्चर्य वाटते. कदाचित शेजारच्या कॅल्शियमच्या जाहिरातीने ती अडवली असावी.

माझ्या आईला डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानात पाकिटावर ‘रविवारी सकाळी १’ एवढेच खरडून मिळाले. औषध हाडांचे, दूधही हाडांचे, तेव्हा जोडीने घेतले तर गुण लवकर येईल, अशा हिशेबाने आई ती गोळी पेलाभर दुधाबरोबर निष्ठेने घेत राहिली. वास्तविक हे औषध उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेतले तरी एक टक्क्याहूनही कमीच रक्तात उतरते, आणि पोटात कॅल्शियम असले की ते औषधाला चिकटून तेवढेही शोषले जाऊ देत नाही. म्हणून गोळीनंतर किमान अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नसते आणि अन्ननलिकेला इजा होऊ नये म्हणून आडवेही व्हायचे नसते. पुढच्या तपासणीत हाडांची घनता आणखी घटलेली दिसली, तेव्हा डॉक्टरांनी उलट आईलाच दरडावले, ‘आजी, गोळ्या चुकवता वाटतं!’

यावरून कोणी कॅल्शियम बंद करू नये. हे औषध हाडांची झीज रोखते, पण हाड भरायला लागणारे कॅल्शियम आहारातून किंवा गोळीतूनच यावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी रोज १२०० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांच्याच दुसऱ्या औषधाच्या आधी तर रक्तातील कॅल्शियम कमी नाही ना, हे तपासावेच लागते. तेव्हा दूध, नाचणी, तीळ खुशाल घ्यावेत. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घेतली की प्रश्नच मिटतो.

जाता जाता आणखी एक. पुरवणीतील अक्षर हल्ली इतके बारीक झाले आहे की, ज्या वयाच्या वाचकांसाठी हा लेख होता त्यांना तो भिंगाशिवाय वाचता येणे शक्य नाही. जाहिरातीतील अक्षरे मात्र चांगली ठसठशीत होती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा