दातांच्या दवाखान्याच्या एक्स-रेसाठी मदत हवी आहे, यावेळी शेवटपर्यंत वाचा

नमस्कार मंडळी, वाडीतले, मुंबईकर, पुणेकर आणि बाहेरदेशी असलेले सगळेच,

गेल्या गणपतीत हाच विषय मांडला होता. ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात ढीगभर आले, एकाने तर "स्तुत्य उपक्रम" लिहून लगेच खाली गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. राग नाही पण वाईट वाटलं, कारण मशीन काय अंगठ्यांनी येत नाही.

नवीन सुना-जावयांना मागचं माहीत नसतं म्हणून आधी ते सांगतो. देवळाच्या धर्मशाळेच्या मागच्या खोलीत दवाखाना सुरू झाला तेव्हा लोक हसत होते. दातांची खुर्ची दादरच्या एका डॉक्टरांनी रिटायर होताना दिली, वर टेम्पोचं भाडंही त्यांनीच दिलं आणि नाव छापलंत तर खुर्ची परत नेईन म्हणाले, म्हणून नाव नाही. एक्स-रे मशीन आणलं मुंबईच्या मंडळाने, परळच्या दामोदर हॉलला नाटकाचा प्रयोग लावून, तिकिटं खपवायला आपले गिरणीतले जुने लोक चाळीचाळीतून फिरले होते. खालच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी इन्व्हर्टर दिला, आंब्याचं वर्ष वाईट गेलेलं तरी दिला. आणि आपले डॉक्टर दर रविवारी पदरचं पेट्रोल घालून येतात, त्यांना चहाशिवाय काही चालत नाही. ही माणसं होती म्हणून मिशरीने हिरड्या खाल्लेल्या कितीतरी आयाबायांचे दात राहिले.

आता मुद्दा. मशीनची किरणं सोडणारी ट्यूब अजून ठणठणीत आहे, दमलीय ती फिल्म. फोटो काढला की काळोख्या खोलीत लाल दिव्यात फिल्म डेव्हलपरमधे, मग पाण्यात, मग फिक्सरमधे, परत पाण्यात, मग चिमट्याला लटकवून वाळवायची. पावसाळ्यात ती वाळत नाही. रसायन एकदा कालवलं की वापरा नाहीतर नका वापरू, ते मरतंच, आणि आपला दवाखाना आठवड्यातून एक दिवस, म्हणजे निम्मं फुकट. वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नसतो कारण त्यात चांदी उतरलेली असते, फिल्मच्या पाकिटातला शिशाचा पत्रा वेगळा ठेवायचा, ही सगळी उस्तवार आपला कंपाउंडर एकटा करतो.

म्हणून आरव्हीजी घ्यायचं आहे. म्हणजे फिल्मच्या जागी तोंडात एक छोटा सेन्सर, त्याची वायर लॅपटॉपला, चार-पाच सेकंदात दात स्क्रीनवर. मोठं करून पेशंटलाही दाखवता येतं आणि अडलंच तर मुंबईच्या स्पेशालिस्टला तिथल्या तिथे पाठवता येतं. फिल्मपेक्षा किरणंही कमी लागतात, फक्त त्यामुळे एक्सपोजर इतकं थोडं द्यावं लागतं की आपल्या मशीनचा जुना टायमर तेवढं नेमकं मोजू शकत नाही, तोही बदलायचा आहे.

मागच्या वेळी कुणीतरी म्हणालं, दात बघायला आरसा पुरतो, एक्स-रे कशाला. तर ऐका. आरशात दिसतो तो दाताचा वरचा भाग, मूळ हाडात असतं. चिठ्ठीवर डॉक्टर आयओपीए लिहितात तो दोन-तीन दातांचा मुळाच्या टोकापर्यंतचा फोटो, रूट कॅनल त्याच्याशिवाय म्हणजे आंधळा कारभार. बाईटविंगमधे पट्टी चावून धरायची, वरचे-खालचे दात एकत्र येतात आणि दोन दातांच्या फटीत लपलेली कीड सापडते. ओपीजी म्हणजे अख्खा जबडा, मशीन डोक्याभोवती फिरतं, अक्कलदाढ आडवी आहे का ते त्यात कळतं. ते मोठं मशीन आपण मागत नाही, त्यासाठी रत्नागिरीला जाऊच.

फोटोत पांढरं म्हणजे जिथे किरणं अडली ते, इनॅमल, हाड, आणि सगळ्यात पांढरी धातूची फिलिंग. काळं म्हणजे आरपार गेली ते, कीड, मुळाशी पू होऊन झिजलेलं हाड. शेवटी ही सावलीच आहे, ट्यूब तिरकी लागली तर संध्याकाळच्या सावलीसारखं मूळ लांबतं, फार उभी लागली तर आखूड दिसतं. फिल्मवर हे वाळल्यावर कळायचं, तोवर पेशंट एसटीत. सेन्सरवर लगेच कळतं.

किरणांची भीती घालणाऱ्यांसाठी. डॉ. वॉल्कहॉफ यांनी १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत स्वतःच्या दातांचा पहिला एक्स-रे काढला तेव्हा २५ मिनिटं लागली होती, आता सेकंदाचा अंश लागतो. एका आयओपीएचा डोस साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या (हे किरणांचं माप) आत, आणि जमीन-आकाशातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २४०० मिळतातच. पण खेळ नाही हेही खरं. अमेरिकेतले दातांचे डॉ. केल्स वर्षानुवर्षं स्वतःचा हात किरणांत धरायचे, शेवटी हात कापावा लागला. म्हणून फिल्म होल्डरमधे, डॉक्टर सहा फूट लांब, आणि गरज नसताना एक्स-रे नाहीच, "आलोय तर सगळ्यांचे काढा" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. आपलं मशीन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे रीतसर नोंदवलेलं आहे, त्या कागदांसाठी खजिनदार किती रात्री कॉम्प्युटरला चिकटून होते ते त्यांच्या घरी विचारा. शिशाचा एप्रन मात्र घड्या पडून तडकलाय, नवा हवा, गळ्याच्या कॉलरसकट.

खर्च सेन्सर, लॅपटॉप, टायमर, एप्रन, होल्डर सगळं धरून दोन लाखांच्या आसपास, सेन्सरची वॉरंटी धरून, कारण वायर दाबली गेली की काम संपलं. बचत गटाने पहिले अकरा हजार आधीच दिलेत. कितीही चालेल. रोख देवळाच्या ऑफिसात सकाळी आरतीनंतर, पावती घेतल्याशिवाय निघू नका, ऑनलाइनवाल्यांनी ग्रुपवर पिन केलेल्या क्यूआरवर टाकून स्क्रीनशॉट खजिनदारांना पाठवा, मला नको, माझा फोन भरलाय. चेक ट्रस्टच्या नावाने, दवाखान्याच्या नावाने काढलात तर बँक परत पाठवते. आयकर सवलतीची पावती मिळेल पण पॅन नंबर द्यावा लागेल, बाहेरदेशी असलेल्यांनी पैसे पाठवायच्या आधी विचारा, नियम वेगळे आहेत. जुना लॅपटॉप कुणी देत असेल तर चालेल पण चालू असलेला द्या. दिवाळीच्या आत ऑर्डर द्यायची आहे.

आपला,
सचिव, दवाखाना समिती